दोन कंपायलर आणि एक पाठभेद

"कंडिशनल जम्प ऑर मूव्ह डिपेंड्स ऑन अनइनिशियलाइज्ड व्हॅल्यूज." सी भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी हे वाक्य कितीदा तरी पाहिलेले असते, पण थांबून वाचलेले क्वचितच असते. व्हॅलग्रिंड या संचातले मेमचेक नावाचे साधन ते छापते. अर्थ सरळ आहे: पुढे कोणत्या वाटेने जायचे हे ज्या किमतीवर ठरले, त्या किमतीत कुणी काही भरलेच नव्हते. मला या वाक्यात सर्वांत आवडतो तो त्याचा नेमकेपणा. "तुमचा प्रोग्रॅम चुकला" असे ते म्हणत नाही. "इफ" हा शब्दही त्यात नाही. जम्प आणि मूव्ह या प्रोसेसरच्या क्रिया आहेत. सीच्या मजकुरात त्या नसतात. म्हणजे मेमचेक सुरुवातीच्या शब्दांतच आपली जागा सांगून टाकते: तुम्ही लिहिलेला मजकूर मी वाचलेला नाही, कंपायलरने तो यंत्रभाषेत जसा उतरवला तसा मी चालताना पाहिला आहे. खाली फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक येतो, तोही कंपायलरने जाता जाता ठेवलेल्या खुणांवरून.

हे ध्यानात घेतले नाही तर पुढचा प्रकार अगम्य वाटतो. सीची एकच फाइल. जीसीसीने कंपाइल केली, मेमचेकखाली चालवली, एकही तक्रार नाही. तीच फाइल, एक अक्षर न बदलता, क्लँगने कंपाइल केली आणि तक्रार हजर. कधी याच्या उलट. कधी तर एकाच कंपायलरच्या ओ-झीरो (बिनसुधारणेची) आणि ओ-टू (सुधारणेची) या दोन पातळ्यांत असा फरक पडतो. अशा वेळी माणसे बहुधा नव्या कंपायलरवर ठपका ठेवतात, नाहीतर ती तक्रार सप्रेशन फाइलमध्ये, म्हणजे दुर्लक्षायच्या तक्रारींच्या यादीत टाकून मोकळी होतात. माझ्या मते हा पाठभेद आहे, आणि जुन्या पोथ्यांचे अभ्यासक पाठभेदापाशी थांबतात तसे इथे थांबायला हवे. मूळ मजकुराने जिथे मोकळीक ठेवलेली असते, तिथेच दोन प्रती वेगळ्या होतात.

पाठभेद लावायचा तर आधी वाचणाऱ्याची नजर ओळखायला हवी. व्हॅलग्रिंड लिहिले ज्युलियन सेवर्ड यांनी, त्याची १.० आवृत्ती २००२ साली आली. फाइली दाबून लहान करणारे बीझिप-टू हेही त्यांचेच काम. २००५ साली युझनिक्सच्या परिषदेत त्यांनी निकोलस नेदरकोट यांच्यासोबत मेमचेकवर निबंध सादर केला, आणि आजही ते साधन समजून घ्यायला त्या निबंधासारखे दुसरे काही नाही. मेमचेक मेमरीतल्या आणि रजिस्टरांतल्या प्रत्येक बिटामागे सावलीसारखा आणखी एक बिट बाळगते. सावली ० असेल तर मूळ बिट कुणीतरी ठरवून लिहिलेला आहे. १ असेल तर तिथे पडून राहिलेले काहीही असू शकते. मॅलॉकने दिलेल्या ताज्या जागेच्या सगळ्या सावल्या १. फंक्शनमध्ये शिरताना स्टॅक वाढला की नव्या जागेच्या सावल्याही १. मग प्रोग्रॅमची प्रत्येक सूचना चालते तेव्हा तिच्या जोडीने सावल्यांवरही तसलीच एक सूचना चालते. या दुहेरी संसारामुळे प्रोग्रॅम १० ते ३० पट हळू धावतो, आणि ही किंमत मोजायला जगभरचे लोक आनंदाने तयार होतात.

मेमचेकचा खरा गुण मात्र तिचा संयम. तिच्या आधीचे प्युरिफाय हे साधन रीड हेस्टिंग्ज आणि बॉब जॉइस यांनी १९९२ साली मांडले. ते बाइटमागे दोन बिट ठेवायचे आणि न भरलेला बाइट वाचला जाताच तक्रार करायचे. मेमचेक नुसत्या वाचण्यावर तक्रार करत नाही. न भरलेली किंमत उचला, दुसरीकडे ठेवा, तिच्यात काही मिळवा, फंक्शनला द्या. सावली सोबत जाते आणि मेमचेक गप्प राहते. बोलते ती त्या किमतीमुळे काही खरोखर वेगळे घडू शकेल तेव्हाच: वाट निवडताना, पत्ता म्हणून वापरताना, किंवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती देताना. सीमधले लोक स्ट्रक्टच्या अख्ख्या प्रती काढतात, त्यात मधल्या रिकाम्या बाइटांचीही प्रत निघते, आणि त्यात वावगे काही नसते. तिथे ओरडणारे साधन लोकांनी दोन दिवसांत बंद करून टाकले असते.

सावल्यांच्या गणितातही तारतम्य आहे. बेरजेत हातचा डावीकडे सरकतो, म्हणून एक बिट संशयित असला की मेमचेक त्याच्या डावीकडचे सगळे बिट संशयित धरते. हा जाणूनबुजून केलेला ढोबळ हिशेब आहे, कारण बेरजा सारख्या होत असतात आणि वेग सांभाळायचा असतो. अँड या क्रियेला मात्र ती काटेकोर न्याय देते. एका बाजूचा बिट ठरलेला ० असेल तर दुसऱ्या बाजूला काहीही असो, उत्तर ० आणि तेही निःशंक. हा छोटासा नियम लक्षात ठेवावा. पुढे सगळे त्याच्यावरच टेकणार आहे.

आता उदाहरण घेऊ. एक फंक्शन यादीत काहीतरी शोधते. सापडले तर १ परत देते आणि सांगितलेल्या पत्त्यावर किंमत लिहिते. न सापडल्यास ० देते आणि त्या पत्त्याला हातही लावत नाही. त्याला बोलावणारा लिहितो:

मिळाली = शोध(&किंमत);
इफ (मिळाली && किंमत == ५) ...

हा निर्दोष सी आहे. && चा नियमच असा की डावी बाजू खोटी निघाली तर उजवीकडे पाहायचेच नाही. न भरलेल्या किमतीकडे हा प्रोग्रॅम कधीही बघत नाही. ओ-झीरोवर मेमचेकला काहीच खटकत नाही.

ओ-टूवर क्लँग शोध फंक्शनचा मजकूर इथेच आणून बसवतो, आणि मग त्याला दोन्ही बाजू एकत्र दिसतात. किंमत न भरलेली असते तेव्हा मिळाली हमखास ० असते, हे त्याला सिद्ध करता येते. किंमत तपासण्याने कुठे काही बिघडत नाही, मेमरीचा भलता पत्ता उघडला जात नाही, हेही कळते. एवढे हाती आल्यावर तो क्रम उलटवू शकतो: आधी किंमत ५ आहे का ते पाहा, मग मिळाली का ते. यादीत काही न सापडल्याची वेळ घ्या. किंमत म्हणून स्टॅकवर पडलेले काहीतरी आहे. ते योगायोगाने ५ निघाले तर पुढच्या तपासणीत मिळाली ० निघते आणि गाडी बाहेर पडते. ५ निघाले नाही तर लगेच बाहेर. दोन्हीकडून पोचायचे ठिकाण एकच. प्रोग्रॅमच्या वागण्यात तसूभर फरक नाही, आणि प्रमाणित सीला फक्त दिसणाऱ्या वागण्याशीच देणेघेणे आहे. पण मेमचेक पहिल्या फाट्यावर उभी असते. तिला दिसते की वाट कचऱ्यावरून निवडली गेली, आणि ती ते प्रामाणिकपणे छापते.

इथे खोटे कोण बोलले? मला तरी कुणीच वाटत नाही. लेखकाने बरोबर लिहिले, कंपायलरने बरोबर उतरवले, मेमचेकने जे घडले तेच सांगितले. मेमचेकचे एक गृहीतक तेवढे मोडले: कचऱ्यावर वाट ठरणे म्हणजे चूक. माणसाने लिहिलेल्या सीबद्दल ते खरे होते. कंपायलर स्वतःच कचऱ्यावर वाटा ठरवू लागले तेव्हा ते अपुरे पडले. क्लँगमागोमाग जीसीसीही असा कोड देऊ लागला. व्हॅलग्रिंडच्या मार्गदर्शिकेत ओ-टू आणि त्यावरच्या पातळ्या टाळा, कारण तिथे अस्तित्वात नसलेल्या चुकांच्या तक्रारी अधूनमधून येतात, असा सल्ला आहेच. पण फायरफॉक्ससारखा अवाढव्य प्रोग्रॅम बिनसुधारणेचा, वर मेमचेकखाली चालवायचा तर दिवस पुरत नाही. सेवर्ड आणि नेदरकोट दोघांनीही मोझिलात काम केले आहे, त्यामुळे ही अडचण त्यांना ऐकून नव्हे, अनुभवाने ठाऊक होती.

सेवर्ड यांनी यावर काढलेला मार्ग मी या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग मानतो. २०२० साली ब्रसेल्सच्या फॉस्डेम परिषदेत त्यांनी तो मांडला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ३.१६ या आवृत्तीतून तो सर्वांच्या हाती आला. तक्रार दाबून टाकणे सोपे होते. त्यांनी यंत्रभाषेतून लेखकाचा मूळ && परत शोधून काढला. व्हॅलग्रिंड यंत्रभाषेचे छोटे तुकडे आधी आपल्या अंतर्गत भाषेत उतरवते. तिथे त्यांनी एक आकृती ओळखायला शिकवली: पहिला तुकडा एका अटीवर संपतो, त्यातून एक वाट बाहेर जाते आणि दुसरी पुढच्या तुकड्याकडे; तो पुढचा तुकडाही अटीवर संपतो आणि त्याची एक वाट नेमकी त्याच बाहेरच्या ठिकाणी जाते. हा && चा ठसा. दुसऱ्या तुकड्यातले काम आगाऊ करून टाकले तरी कुणाला कळणार नाही अशा स्वरूपाचे असेल, तर व्हॅलग्रिंड दोन्ही अटी काढते, त्यांचा अँड करते आणि त्या एका उत्तरावर एकदाच वाट ठरवते.

आता तो अँडचा नियम आठवा. न सापडल्याच्या वेळी किमतीची अट संशयित, पण मिळाली हा ठरलेला ०. अँड केल्यावर निःशंक ०. मेमचेक गप्प. आणि समजा शोध फंक्शनमध्येच खोट आहे: ते १ परत देते पण किंमत भरायची विसरते. मग मिळाली ठरलेला १, किंमत संशयित, अँडचे उत्तर संशयित, आणि तक्रार जशीच्या तशी छापली जाते. खोटी तक्रार गेली आणि खरी एकही हरवली नाही. क्रम सरळ असो की उलटा, अँडला फरक पडत नाही, म्हणून कंपायलरने कोणता क्रम निवडला हा प्रश्नच उरत नाही. त्याआधी पंधरा वर्षे निबंधात मांडलेल्या एका नियमावर ही सगळी दुरुस्ती उभी राहिली. चांगल्या रचनेत असे होते. मर्यादाही आहे: दोन अटींच्या मध्ये फंक्शन कॉल आला किंवा कंपायलरने तुकडे दूरदूर विखुरले, की आकृती सापडत नाही आणि खोटी तक्रार अजूनही येऊ शकते.

इथवर वाचून कुणाला वाटेल की कंपायलर बदलल्यावर उगवलेल्या तक्रारी म्हणजे वाऱ्यावर सोडायच्या गोष्टी. उलट अनुभव जास्त बोलका आहे. ओ-झीरोवर तक्रार यावी आणि ओ-टूवर नाहीशी व्हावी, हे फार वेळा चूक लपल्यामुळे घडते. न भरलेल्या स्थानिक चलाची किंमत काय धरायची याची कंपायलरला पूर्ण मोकळीक असते. तो सोयीची किंमत धरतो, अट आधीच सोडवतो आणि ती अटच कोडमधून काढून टाकतो. वाट ठरवणारा जम्प राहिलाच नाही तर मेमचेक कशावर बोलणार? दुसरा कंपायलर त्या चलाला रजिस्टर देतो. त्या रजिस्टरात मागच्या कामाचा उरलेला आकडा असतो, आणि तो आकडा कुणीतरी रीतसर काढलेला असल्यामुळे त्याच्या सावल्या ०. कचरा आहे, पण सावलीच्या दृष्टीने स्वच्छ. लूपमधले चल तर खासच. पहिल्या फेरीत त्यात काही लिहिले गेले, दुसऱ्या फेरीत भरायचे राहून गेले. स्टॅक मधे हललेला नाही, जागा तीच, सावली ०. मेमचेकला तिथे कालची किंमत आजची म्हणून दिसते. म्हणून मी दोन कंपायलर आणि निदान दोन पातळ्या असे सगळे पाठ पाहिल्याशिवाय फाइल शुद्ध म्हणत नाही. क्लँगचा मेमरी सॅनिटायझर याच जातीच्या चुका कंपाइल करतानाच पेरलेल्या तपासण्यांनी पकडतो आणि मेमचेकपेक्षा कितीतरी वेगाने. पण त्याला वापरातल्या सगळ्या लायब्रऱ्याही त्याच पद्धतीने कंपाइल केलेल्या लागतात, आणि ती अट मोठी आहे.

तक्रार न वाचता तिचे समाधान केले तर काय होते, याची जगाने मोठी किंमत मोजली आहे. २००६ साली डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये न भरलेल्या मेमरीच्या तक्रारींमुळे दोन ओळी काढण्यात आल्या. त्या ओळी अक्षरशः सारख्या होत्या: बफरमधले बाइट यादृच्छिकतेच्या साठ्यात मिसळा. एक ओळ यादृच्छिक बाइट देणाऱ्या फंक्शनमध्ये होती. तिथे बफर न भरलेला असू शकत होता आणि ती काढल्याने फारसे बिघडले नसते. तिच्याशेजारी "प्युरिफाय तक्रार करते" अशी टीपही मूळ लेखकांनी ठेवली होती. दुसरी ओळ साठ्यात भर घालणाऱ्या फंक्शनमध्ये होती, आणि खरी यादृच्छिकता फक्त तिच्यातूनच आत येत होती. दोन्ही गेल्या. उरला प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. लुसियानो बेल्लो यांच्या हे लक्षात आले आणि १३ मे २००८ रोजी ते जाहीर झाले. मधल्या काळात हे पॅकेज असलेल्या यंत्रांवर तयार झालेल्या कूटलेखनाच्या किल्ल्या अंदाजाने काढता येण्याजोग्या होत्या. साधनाची तक्रार खरी होती. तक्रारीत दिसलेली ओळ आणि तिच्यासारखी दिसणारी ओळ यांची कामे वेगळी होती, आणि ते कळायला दोन्ही फंक्शने वाचावी लागत होती.

म्हणून तपासाची माझी पद्धत सावकाश आहे. तक्रार आली की आधी "ट्रॅक ओरिजिन्स" हा पर्याय चालू करायचा. २००९ पासून मेमचेक त्यामुळे हेही सांगते की संशयित किंमत मुळात कुठल्या मॅलॉकमधून किंवा कुठल्या फंक्शनच्या स्टॅकवरून निघाली. वेग निम्मा होतो, पण फाट्यापासून उगमापर्यंतची वाट हातात येते. मग दोन्ही कंपायलरांनी त्या ओळीचे काय केले ते यंत्रभाषेत शेजारी शेजारी ठेवून वाचायचे. बहुतेक वेळा पाच-दहा सूचनांत भेद सापडतो.

एक भेद तर प्रत्येकाने एकदा डोळ्यांनी पाहावा. स्ट्रक्टमध्ये आधी एक कॅर, मग एक इंट. नेहमीच्या यंत्रांवर आकार ८ बाइट: पहिला बाइट कॅरचा, मग ३ बाइट रिकामे, मग ४ इंटचे. या स्ट्रक्टचे एक चल दोन किमती देऊन तयार केले आणि राइटने जसेच्या तसे फाइलमध्ये ढकलले. एखादा कंपायलर आठही बाइटांचा एकच आकडा करून एका दमात ठेवतो. मधले तीन बाइट आपसूक शून्य होतात. एखादा एक बाइट ठेवतो, चार बाइट ठेवतो आणि मधल्या तिनांना शिवत नाही. दुसऱ्या वेळी मेमचेक म्हणते की राइटला दिलेल्या बफरमध्ये न भरलेले बाइट आहेत. दोन्ही कंपायलर नियमात आहेत, कारण त्या तीन बाइटांबद्दल भाषेने काही सांगितलेलेच नाही. तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे: आधीच्या कुठल्यातरी फंक्शनने स्टॅकवर सोडलेले तीन बाइट आता फाइलमध्ये आहेत. ते सॉकेटवरून बाहेर गेले असते तर परक्याच्या हाती पडले असते. अशा फटींतून माहिती गळल्याची उदाहरणे ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलांतही सापडली आहेत.

पाहायचे असेल तर व्हॅलग्रिंडला पहिल्याच तक्रारीवर थांबवून जीडीबी हा डीबगर जोडता येतो, आणि "मॉनिटर गेट व्हीबिट्स" ही आज्ञा पत्ता आणि ८ हा आकडा देऊन चालवता येते. पडद्यावर सावल्या उमटतात: आधी दोन शून्ये, मग सहा वेळा एफ, मग आठ शून्ये. एफ जिथे आहेत ते तुमचे तीन बाइट. पुष्कळ जण इथे मेमसेटने अख्खा स्ट्रक्ट आधी शून्य करतात, आणि व्यवहारात ते बहुधा चालते. पण प्रमाणित सीप्रमाणे नंतर एखाद्या घटकात किंमत ठेवली की मधल्या बाइटांत काय राहील याची हमी उरत नाही. खात्रीचा उपाय जुनाच आहे: स्ट्रक्ट बाहेर पाठवायचाच नाही. बाइटांचा एक अ‍ॅरे घ्यायचा, त्यात कॅरचा एक बाइट लिहायचा, इंटचे चार बाइट ठरवलेल्या क्रमाने लिहायचे आणि तेवढे पाचच बाइट राइटला द्यायचे. मग जीसीसी असो वा क्लँग, पातळी कुठलीही असो, मेमचेकला त्या जागी सांगण्यासारखे काही उरत नाही.